दोन रुमाल

वाचन : १ शमुवेल, अध्याय २५, योहान, अध्याय १३, वचनें १ ते १७.



देगलूर हें नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील टोकास असलेलें तालुक्याचें गांव. एका अंगास तेलंगणाची हद्द, दुसऱ्या अंगास कर्नाटकाची. म्हणून येथील मोटारस्थानकावर मराठी, तेलुगु, कानडी व उर्दू अशा चार भाषा एकदम कानीं पडतात. गांवास आगगाडी अद्याप आलेली नाहीं. त्यामुळें दवाखाना असो, कचेरी असो, लग्न असो कीं मर्तिक असो, गरिबानें एस. टी. च्या गाडीचीच वाट पाहावी. आणि जेथें वाट पाहणारे पुष्कळ व जागा थोड्या, तेथें मनुष्याचें अंतःकरण लवकर उघडें पडतें.

मागें एके दिवशीं सकाळीं मी नांदेडास जाण्याकरितां तेथें उभा होतों. गाडी स्थानकांत शिरते न शिरते तोंच खिडक्यांतून रुमाल, टोप्या व पिशव्या आंत टाकून जागा धरण्याची जी घाई उडते, ती तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. मीही चपळाई करून पुढच्या बांकावर जागा मिळविली. इतक्यांत आपल्याच मंडळींतील एक वृद्ध विधवा, तापानें फणफणलेला नातू कडेवर घेऊन, दारानें कशीबशी वर चढली व माझ्या मागच्या एका रिकाम्या बांकावर टेकली. मुलाला नांदेडच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावयाचें होतें. तिला बसून क्षणभर झाला नाहीं तोंच पांढरे स्वच्छ कपडे घातलेला एक तरुण आला.

“ए म्हातारे, ऊठ. रुमाल दिसंना का?”

आजी म्हणाली, “लेकरा, पोराला लई ताप हाय रे. नरसीपस्तोर बसू दे, मग उठते.”

“मी कोणाचा माणूस आहे, ठाऊक आहे का तुला?” असें म्हणून त्यानें तिचें गांठोडें उचलून खालीं वाटेंत ठेविलें. आजी उठली.

माझ्या अंगाची लाही झाली. मी उठून त्याच्या पुढें उभा राहिलों, आणि जें तोंडांत आलें तें बोललों. त्यांतील पहिलीं दोन वाक्यें बोलण्याजोगीं होतीं. पुढचीं येथें लिहिण्यास मला लाज वाटते. त्याच्या बापाचाही उद्धार मीं केला. लोक हंसले, कोणी “बरोबर बोलले गुरुजी” असेंही म्हणाले. तरुणाचा चेहरा पडला व तो गप्प झाला, परंतु जागा त्यानें सोडिली नाहीं. पुढें काय झालें तें मी शेवटीं सांगेन. आधीं आपण शास्त्र उघडूं या, कारण तशाच एका भांडणाची गोष्ट तेथें लिहिलेली आहे.

मावोन या ठिकाणीं एक मोठा धनवान मनुष्य राहत असे. त्याचीं मेंढरें ३,००० व शेरडें १,००० होतीं. त्याचें नांव नाबाल, म्हणजे मूर्ख. दावीद तेव्हां राजा झालेला नव्हता. शौलाच्या भयानें आपल्या मनुष्यांसह रानोमाळ भटकत होता. त्या रानांत नाबालाचे मेंढपाळ असत. दाविदाच्या लोकांनीं त्यांस त्रास दिला नाहीं, एक करडूं चोरलें नाहीं; उलट रात्रंदिवस भिंतीसारखे त्यांच्या भोंवतीं राहिले. मग लोंकर कातरण्याचे दिवस आले. धनगराच्या घरीं हे सणाचे दिवस. दारीं आलेला कोणी रिकाम्या हातानें जाऊं नये असे. म्हणून दाविदानें १० तरुण पाठविले, कुशल विचारलें, आणि हाताशीं असेल तें द्यावें अशी नम्रपणें विनंती केली.

नाबालानें काय उत्तर दिलें? तो म्हणाला, हा दावीद कोण? हल्लीं धन्यांस सोडून पळणारे चाकर पुष्कळ झाले आहेत. माझी भाकर, माझें पाणी, माझ्या कातरणाऱ्यांकरितां कापलेलें मांस मी उठून अशा कोणा वाटसरास द्यावें काय?

या उत्तरांत उद्धटपणाचीं सर्व मुळें दिसून येतात. तीं एकेक पाहूं.

पहिलें मूळ : “तूं कोणाचा?”

नाबालानें दाविदाची गरज विचारली नाहीं, त्याचें कुळ विचारलें. बंधूंनो, हा प्रश्न आपल्या मराठवाड्यांत कोणास नवा आहे? कोण गांवचा, कोणाचा मुलगा, कोणत्या जातीचा, हें कळल्यावांचून पुष्कळ ठिकाणीं पाण्याचा पेला पुढें येत नसे. आपल्या वाडवडिलांनीं या प्रश्नाचे घाव सोसले आहेत. १९४८ सालीं १७ सप्टेंबर रोजीं निजामाचें राज्य संपलें. तोंपर्यंत वेठबिगार होती. “ए” म्हणून हांक मारली कीं हातचें काम टाकून जावें लागे, व वरिष्ठ समोरून आला कीं बाजेवरून उठावें लागे. राज्य गेलें, वेठ गेली, पण ती हांक कांहीं जिभांवर राहिलीच आहे.

आणि मोटारींतील तरुण काय म्हणाला? “मी कोणाचा माणूस आहे, ठाऊक आहे का?” तूं कोणाचा, असें एक विचारतो, मी कोणाचा, असें दुसरा सांगतो. हे एकाच नाण्याचे दोन छाप आहेत. ज्याला स्वतःची किंमत दुसऱ्याच्या नांवावर उसनी घ्यावी लागते, तोच समोरच्याची किंमतही नांवावरून ठरवितो. असा मनुष्य बाहेरून मोठा दिसतो, परंतु आंतून भ्यालेला असतो. त्याच्या मागचें नांव काढून घ्या, म्हणजे तो स्वतः कोण हें त्यालाही ठाऊक नसतें.

दुसरें मूळ : “माझें.”

नाबालाच्या तोंडीं “माझें” हा शब्द पुनः पुनः येतो. मेंढरें राखिलीं कोणीं? चाकरांनीं, व त्या चाकरांस राखिलें दाविदाच्या लोकांनीं. पाऊस पाडिला कोणीं? गवत उगविलें कोणीं? यांपैकीं कोणाचीच आठवण त्याला नाहीं. उपकार विसरलेला मनुष्य लौकरच उद्धट होतो, कारण ज्याला दान म्हणून मिळालेलें दिसत नाहीं, त्याला सर्व कांहीं हक्कच वाटतो. धान्याच्या दुकानावरील रांगेंत जो मागून येऊन पुढें घुसतो, बँकेंत जो खिडकीवरील कारकुनास दरडावतो, दवाखान्यांत जो डॉक्टराच्या खोलींत रांग मोडून शिरतो, त्या प्रत्येकास वाटतें कीं माझा वेळ हा वेळ, इतरांचा वेळ म्हणजे वारा. आणि खिडकीच्या आंतील कारकूनही जेव्हां दूर खेड्यांतून आलेल्या म्हातारीस “उद्यां ये” म्हणून मान वर न करितां परत पाठवितो, तेव्हां तोही नाबालच. खिडकीची कोणती बाजू आहे यानें फरक पडत नाहीं.

परंतु आतां सावध व्हा, कारण गोष्ट येथें संपत नाहीं. नाबालाचें उत्तर ऐकून दावीद काय करितो? आपल्या लोकांस तरवारी बांधावयास सांगतो. २०० सामानापाशीं राहतात व ४०० त्याच्याबरोबर निघतात. एका मनुष्याच्या तोंडच्या अपशब्दाकरितां ४०० तरवारी! सकाळपर्यंत त्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाहीं, अशी शपथ दावीद वाहतो. ज्या मेंढपाळांस त्यानें राखिलें, त्यांनाही तो कापणार होता. वाटेनें तो काय म्हणत होता तें नीट वाचा : मीं याचें सर्व राखिलें तें व्यर्थ गेलें, बऱ्याची फेड यानें वाइटानें केली. म्हणजे दाविदानेंही मनांत एक वही ठेविली होती. मीं राखिलें, तर मला मिळालेंच पाहिजे. नाबालाचें “माझें” उघड होतें, दाविदाचें “माझें” उपकाराखालीं झांकलेलें होतें. ठिणगी पडतांच तेंही पेटलें. उद्धट मनुष्याचें हेंच मोठें सामर्थ्य आहे कीं तो समोरच्यालाही आपल्यासारखा करून सोडतो.

हें केवळ जुन्या काळाचें नाहीं. आपल्याच मराठवाड्यांतील उस्मानाबादचे त्या वेळचे खासदार रवींद्र गायकवाड हे २३ मार्च २०१७ रोजीं पुण्याहून दिल्लीस विमानानें गेले. त्यांजपाशीं वरच्या वर्गाचें तिकीट होतें, पण त्या विमानांत तो वर्गच नव्हता. सर्व जागा एकाच प्रकारच्या होत्या. तक्रार करण्यास कारण नव्हतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दिल्लीस उतरल्यावर ते विमानांतून खालीं येईनात, आणि समजूत घालावयास आलेल्या, वयानें साठीच्या घरांतील एका कर्मचाऱ्यास त्यांनीं पायांतील चपलेनें मारिलें. किती वेळां मारिलें तें त्यांनीं स्वतःच वृत्तवाहिन्यांस सांगितलें : २५ वेळां. त्यानंतर विमान कंपन्यांनीं त्यांस नेण्याचें नाकारलें. शेवटीं त्यांनीं मंत्र्यांस पत्र लिहून खेद प्रकट केला, तेव्हां ७ एप्रिल रोजीं ती बंदी उठली. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत सरकारनें नियम केले : विमानांत जो तोंडानें दांडगाई करील त्यास ३ महिनेपर्यंत, जो हात उगारील त्यास ६ महिनेपर्यंत, व जो दुसऱ्याच्या जिवास धोका आणील त्यास २ वर्षें किंवा अधिक काळ विमानप्रवास बंद.

हें मी त्या गृहस्थांस दोष देऊन आपण निर्दोष ठरावें म्हणून सांगत नाहीं. दिल्लीचें विमान आणि देगलूरची मोटार यांत भाड्याचा फरक आहे, अंतःकरणाचा नाहीं. तेथेंही गोष्ट एका जागेचीच होती. तक्रार खरी असूनही मनुष्य खोटा ठरूं शकतो, हें आपण तेथें शिकतों. आणि मीही त्या सकाळीं हेंच केलें. माझ्या हातांत चपला नव्हती, पण जिभेला पायतणें होतीं.

आतां कोणी म्हणेल, “उपदेशक, मग आम्हीं काय करावें? मुकाट्यानें उठावें? आमच्या बापजाद्यांनीं हेंच केलें. ख्रिस्ती होऊनही आम्हीं तेंच करावें काय?” हा प्रश्न रास्त आहे. याचें उत्तर घाईनें देणें पाप होईल, कारण लीनतेच्या नांवाखालीं दुबळ्यांस दाबून ठेवण्याचें काम जगांत पुष्कळ झालें आहे. म्हणून शास्त्रास विचारूं.

प्रभु येशूस रात्रीं महायाजकापुढें उभें केलें असतां एका शिपायानें त्याच्या थोबाडींत मारिली. प्रभूनें उलट मारिलें नाहीं हें आपण सर्व सांगतों. परंतु प्रभु गप्प राहिला नाहीं, हें आपण सांगावयास विसरतों. त्यानें त्या शिपायास विचारलें कीं मीं वाइट बोललों असेन तर तें दाखव, आणि बरें बोललों असेन तर कां मारितोस? हें योहानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. त्या प्रश्नांत शिवी नाहीं, पण भीतीही नाहीं. तसेंच फिलिप्पै येथें पौलास विनाचौकशी फटके मारून तुरुंगांत टाकिलें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं गुपचूप निरोप पाठविला कीं सोडून द्या. पौल उठून गेला नाहीं. आम्हां रोमी मनुष्यांस उघडपणें मारिलें, तर आतां त्यांनींच येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें तो म्हणाला, आणि त्यांस यावें लागलें. हें पौलानें स्वतःच्या मानाकरितां केलें काय? त्या नगरांत लुदियेच्या घरीं नवी मंडळी जमूं लागली होती. तिच्यावर उद्यां कोणीं हात टाकूं नये, याची ती तजवीज होती, असें मला वाटतें.

आपल्या देशांतीलही एक गोष्ट ऐका. १९३४ सालीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळचीं लेणीं पाहावयास निघाले असतां वाटेंत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. हा मुलूख निजामाच्या राज्यांतला, म्हणजे आपल्याच राज्यांतला. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून किल्ल्याच्या वेशीपाशीं असलेल्या तळ्यावर त्यांनीं हातपाय व तोंडें धुतलीं. तोंच पाणी बाटविलें म्हणून ओरडा झाला, जमाव जमला, व शिव्यांचा वर्षाव सुरू झाला. धर्म निराळा असलेल्या लोकांनींही तोच विटाळ मानिला, हें त्या दिवशीं त्या मंडळीस दिसून आलें. बाबासाहेबांनीं हात उचलला नाहीं; त्यांनीं प्रश्न केला कीं तुमचा धर्म हेंच शिकवितो काय, आणि उद्यां कोणी अस्पृश्य तुमच्या धर्मांत आला तर त्यालाही तुम्हीं पाणी बंद कराल काय? जमाव निरुत्तर झाला. शेवटीं किल्ला पाहूं दिला, पण आंत कोठेंही पाण्यास शिवूं नये म्हणून बंदूकधारी शिपाई बरोबर दिला. मनुष्य किती शिकला, किती मोठा झाला, याची पर्वा त्या तळ्याच्या कांठीं कोणास नव्हती. परंतु शिव्या देणारांपेक्षां प्रश्न करणाराच तेथें मोठा ठरला. पुढें ज्या संविधानाच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, त्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. १९५५ सालीं ती पाळणारास शिक्षा देणारा कायदाही झाला.

त्याच १९५५ सालीं दूर अमेरिकेंत एका मोटारींतच अशी गोष्ट घडली. माँटगोमेरी नांवाच्या शहरांत १ डिसेंबर रोजीं रोझा पार्क्स नांवाची एक काळ्या वर्णाची ख्रिस्ती बाई शिवणकाम आटोपून घरीं जात होती. गोऱ्या उतारूस जागा द्यावी म्हणून हांकणारानें तिला उठावयास सांगितलें. ती उठली नाहीं. तिनें अपशब्द बोलला नाहीं, आरडाओरड केली नाहीं. पोलिसांनीं धरिलें तेव्हां त्यांजबरोबर गेली. मग तेथील काळ्या लोकांनीं ३८१ दिवस त्या शहराच्या मोटारींत पाऊल टाकिलें नाहीं. ते मैलोगणती पायीं चालले. त्यांचा पुढारी मार्टिन लूथर किंग हा २६ वर्षांचा पाळक होता. शेवटीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें तो नियम गेला. पाहा, आजी उठली ती भयानें; ती बाई बसून राहिली ती विश्वासानें. लीनता म्हणजे प्रत्येक वेळीं उठणें नव्हे. लीनता म्हणजे उठतांना किंवा बसून राहतांना अंतःकरणांत वैर नसणें.

आतां अबीगईल हिच्याकडे पाहूं. ती नाबालाची बायको. शास्त्र म्हणतें, समजदार व रूपवती. एका चाकरानें येऊन तिला झालेला प्रकार सांगितला. तिनें काय केलें? २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, रांधलेलीं ५ मेंढरें, हुरड्याचीं ५ मापें, खिसमिसाचे १०० घड व अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून ती निघाली. तिनें प्रथम भुकेल्यांचा विचार केला. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मागाहून. आधीं ज्यांना भाकर मिळाली नाहीं त्यांना ती मिळावी. मग दाविदापुढें लवून ती काय म्हणाली? माझ्या नवऱ्याकडे लक्ष देऊं नका. परंतु आपण उद्यां राजा व्हाल तेव्हां विनाकारण रक्त पाडल्याचें शल्य आपल्या मनास लागूं नये. तिनें नाबालाची चूक झांकिली नाहीं, आणि दाविदाची चूकही सोडिली नाहीं. दोन हक्क सांगणाऱ्या पुरुषांच्या मधोमध ती एकटी हक्क न सांगतां उभी राहिली, आणि किती तरी जीव वांचले. दाविदानें देवाचे आभार मानिले व तरवार परत म्यानांत घातली.

यावरून तीन गोष्टी शिकून घ्याव्या. पहिली : उद्धट मनुष्य भेटला असतां त्याच्या तोंडाकडे पाहण्यापूर्वीं, त्याच्या वागण्यानें कोणास इजा झाली इकडे पाहावें. दुसरी : बोलणें प्राप्त असेल तर सत्य बोलावें, पण अपमान करूं नये. अन्याय लहान नसेल तर आगारांत, कचेरींत किंवा पोलिसांत चार जणांच्या सहीनें लेखी तक्रार द्यावी. पाठीमागें शिव्या देणें सोपें, सही करणें कठीण. तिसरी : त्या मनुष्याचें नांव ठाऊक असेल तर त्याच रात्रीं त्याच्याकरितां नांव घेऊन प्रार्थना करावी. ज्याच्याकरितां प्रार्थना केली त्याचा द्वेष फार दिवस टिकत नाहीं.

आतां एक कडू औषध आपणां सर्वांकरितां, व विशेषेंकरून आम्हां उपदेशकांकरितां. नाबाल नेहमीं दुसऱ्याच्याच घरीं राहतो काय?

१९१७ सालीं बाबासाहेब बडोदें येथें नोकरीस गेले असतां त्यांस राहावयास कोठें जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत ते राहिले, पण लोक काठ्या घेऊन आले व त्यांस तेथून निघावें लागलें. मग त्यांनीं दोन मित्रांस विचारिलें. त्यांतील एक हिंदु होता व दुसरा ख्रिस्ती होता. ख्रिस्ती मित्र शिवी देऊन बोलला नाहीं. दार आपटलें नाहीं. माझी बायको उद्यां यावयाची आहे, तिला विचारून सांगतों, इतकेंच तो म्हणाला. तो मूळचा ब्राह्मण कुळांतला होता, आणि त्या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांस कळला. त्या दिवशीं ते एका बागेंत बसून राहिले व रात्रीच्या गाडीनें मुंबईस परतले. बंधूंनो, त्या दिवशीं बंद झालेल्या दारांपैकीं एक दार ख्रिस्ती होतें. उद्धटपणा दर वेळीं ओरडतोच असें नाहीं. तो कधीं कधीं अतिशय गोड बोलतो.

आपल्या मंडळींत काय चालतें? नाताळाच्या सभेस तालुक्याहून कोणी साहेब येतात, तेव्हां खुर्च्या धांवत येतात, हार येतात, शाल येते. त्याच वेळीं पांच कोस चालून आलेली म्हातारी सतरंजीच्या कडेला, दारापाशीं बसते, आणि तिला कोणी पाणीही विचारीत नाहीं. सोन्याची अंगठी घालून आलेल्यास वर बसविणें व मळक्या कपड्यांच्या गरिबास पायांपाशीं बसविणें, याविषयीं याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत काय म्हणतो तें घरीं जाऊन वाचा. आम्ही उपदेशक तरी कसे बोलतों? व्यासपीठावर “प्रिय बंधूंनो,” आणि खालीं उतरल्यावर झाडणाऱ्या बाईस “ए!” भाजीवालीशीं एका रुपयाकरितां कोणत्या शब्दांत भांडतों? कंडक्टराजवळ सुटे पैसे नसले तर काय म्हणतों? आपल्या घरांत सून कोणत्या स्वरानें हांक ऐकते? देगलूर हें गुंडा महाराजांच्या परंपरेमुळें वारकरी जनांत प्रसिद्ध आहे. ते वारकरी बंधु भेटले कीं वय, मान व जात न पाहतां एकमेकांच्या पायां पडतात. हें आपण नित्य पाहतों. एवढी नम्रता आपल्या मंडळीच्या दारांत दिसते काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

आतां त्या मोटारीकडे परत येऊं. भांडण मीं जिंकिलें. लोकांनीं माझी वाहवा केली. आणि मग, बंधूंनो, मी आपल्या जागेवर परत बसलों. आजी उभीच होती. तापलेलें लेंकरूं तिच्या खांद्यावर होतें, एका हातानें तिनें वरची दांडी धरिली होती, आणि तिच्या नांवानें इतकें बोललेला मी बांकावर बसून घाम पुशीत होतों. मी उठून तिला जागा द्यावी, हें माझ्या ध्यानांतच आलें नाहीं. इतका मी न्यायानें भरलेला होतों.

तेवढ्यांत तिसऱ्या बांकावरची एक मजूर बाई तेलुगूंत कांहीं म्हणाली. डोकीवर फडकें, पायांना सिमेंट लागलेलें. तिच्या मांडीवर स्वतःचें मूल होतें. तिनें तें मूल कडेवर घेतलें, उठून उभी राहिली, आणि आजीचा हात धरून तिला बसविलें. आजीस तेलुगु येत नव्हतें, त्या बाईस मराठी येत नव्हतें. मग तिनें आपल्या डोक्याचें फडकें सोडिलें, पाण्यानें भिजविलें व त्या पोराच्या कपाळावर ठेविलें. गाडींत कोणी बोललें नाहीं. मी उठलों व त्या बाईस माझी जागा दिली, परंतु फार उशिरानें. तो तरुण खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याच्या मनांत काय आलें तें देव जाणे. माझ्या मनांत काय आलें तें मीं तुम्हांस सांगितलें आहे.

त्या दिवशीं मीं दोन रुमाल पाहिले. एक जागा धरण्याकरितां टाकलेला, दुसरा कपाळ थंड करण्याकरितां सोडलेला. आणि मला तिसऱ्या एका रुमालाची आठवण झाली, ज्याच्यापासून या दुसऱ्यास अर्थ येतो. वल्हांडणाच्या रात्रीं माडीवर कोणी कोणाचे पाय धुण्यास तयार नव्हता. तेव्हां प्रभु भोजनावरून उठला, वस्त्रें उतरविलीं, कंबरेस रुमाल बांधिला, व शिष्यांचे पाय धुऊन पुसूं लागला. यहूदाचेही पाय त्यानें धुतले. योहान सांगतो कीं आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों, हें जाणून प्रभूनें हें केलें. नाबालाचा प्रश्न “तूं कोणाचा?” असा होता, मोटारींतील तरुणाची बढाई “मी कोणाचा!” अशी होती. प्रभूस आपण कोणाचे हें ठाऊक होतें, म्हणून त्याला तें कोणास बजावून सांगावें लागलें नाहीं. ज्याला आपण देवाचे आहों हें कळलें, तो पाय धुण्यास लाजत नाहीं आणि अन्यायापुढें भीतही नाहीं.

म्हणून, प्रिय बंधूंनो व भगिनींनो, येत्या बाजाराच्या दिवशीं, कचेरीच्या रांगेंत, मोटारीच्या गर्दींत तुम्हांस नाबाल भेटेल. तो भेटेलच. त्या वेळीं कोणता रुमाल आपल्या हातांत आहे, तें आधीं पाहा.

हे प्रभु, आमच्या जिभांवरील तरवारी म्यानांत घाल. आम्हांस भिण्यापासून सोडव आणि चिडण्यापासूनही सोडव. जो उभा आहे तो आमच्या दृष्टीस आधीं पडूं दे. आमेन.